हृदयाचा तांब्या आणि दातार सरांचं अर्धं वाक्य

थंड जेली छातीवर पडली की माणूस सगळं शहाणपण विसरतो. तालमीतले पैलवान, पोलिसातले साहेब, कॉलेजच्या कडक प्राचार्या, सगळे त्या टेबलावर डाव्या कुशीला वळून "ईऽऽ" करून ओरडलेले मी ऐकले आहेत. ओरडून झालं की ते हसतात. ते हसले की मीही हसायचे. पुण्यातल्या एका हृदयरोगाच्या रुग्णालयात मी तीसेक वर्षं टूडी इको काढले, म्हणजे अंधाऱ्या, गार खोलीत बसून अनोळखी माणसांबरोबर तीसेक वर्षं खिदळले आणि वर त्याचा पगार घेतला. गेल्या वर्षी निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या भाषणात कुणीतरी म्हणालं, "आमच्या वैशालीताई सदा हसतमुख." हसतमुख कसली! मला हसू आवरतच नाही. तो गुण नाही, आजार आहे, आणि त्याचा इको निघत नाही.

मी मूळची वर्ध्याची. आमच्याकडे हसायला कारण लागत नाही. पुण्यात लागतं, आणि ते विचारलंही जातं. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात टेबलावरच्या एका आजोबांनी मान वळवून विचारलं, "आपण हसताय त्याअर्थी सगळं ठीक आहे, असं समजायचं का?"

"नाही हो आजोबा, मी अशीच हसते."

"मग थांबवा. गैरसमजात जगायची आम्हाला सवय नाही."

त्या दिवशी मला या धंद्यातला पहिला नियम कळला. इको काढणाऱ्याचं तोंड कोरं पाहिजे. पेशंटला पडदा दिसत नाही, दिसला तरी कळत नाही, म्हणून तो आमचा चेहरा वाचतो. आमच्या भुवईवरून तो स्वतःचं आयुष्य मोजतो. आणि निदान सांगायचा अधिकार आम्हाला नाही. त्यामुळे कुणी काहीही विचारलं तरी आमचं एकच उत्तर: "डॉक्टर सांगतील." हे वाक्य माझ्या तोंडात इतकं बसलं, की घरी नवऱ्याने "चहात साखर घातलीस का?" विचारलं तरी मी म्हणायचे, डॉक्टर सांगतील. त्यांना मधुमेह असल्यामुळे ते उत्तर चुकीचंही नसायचं.

दुसरा नियम मी माझ्यापुरता केला. हसायचं ते खांद्याच्या वर. मनगट हलता कामा नये. प्रोब म्हणजे साबणाच्या वडीएवढी वस्तू. ती छातीवर टेकवली की तिच्यातून आवाजाच्या लहरी आत जातात, हृदयावर आपटून परत येतात आणि पडद्यावर हृदय दिसतं. विहिरीत तोंड घालून हाक मारली की हाक परत येते, तसंच हे. पण प्रोब जरा सरकला की चित्र बिघडलं. मी पोट धरून हसले असेन, डोळ्यांतून पाणी काढलं असेल, पण माझं मनगट कधी हललं नाही. ही माझी एकुलती एक फुशारकी. आमचे मोठे डॉक्टर नव्या मुलींना सांगायचे, "वैशालीताईंचं तोंड बघू नका, मनगट बघा."

गिऱ्हाईकं नाना तऱ्हेची. वाघोलीहून आयटीतला एक मुलगा दर दोन-तीन महिन्यांनी स्वतःच्या पायांनी चालत यायचा आणि आपल्याला अटॅक आला आहे असं जाहीर करायचा. "मॅम, ॲक्च्युअली काल आमचं सर्व्हर डाउन झालं आणि मला लिटरली वाटलं, मी गेलो. यात स्ट्रेस दिसतो का?"

"स्ट्रेस दिसत नाही रे, हृदय दिसतं."

"मग मॅनेजर दिसतो का बघा ना. तिथेच बसलेला असतो तो."

पत्ता विचारला तर अकोल्याचा निघाला. मग माझंही माहेर जागं झालं. "काऊन रे, जेवतोस का वेळेवर?" तो एकदम लहान झाला. "जेवतो ना जी. कधी कधी." हृदय ठणठणीत होतं. मी त्याला डबा लाव म्हणाले. त्याने डबा लावला आणि पुढे यायचा बंद झाला. चांगलं गिऱ्हाईक गेलं.

पण ताण नुसताच मनात राहतो असं नाही. कधीकधी तो खरोखरच हृदयावर उतरतो आणि पडद्यावर उघड्या डोळ्यांनी दिसतो. निरोगी हृदय ओलं फडकं पिळावं तसं स्वतःला पिळतं आणि रक्त पुढे ढकलतं. खालच्या टोकापासून वरपर्यंत सगळं पिळलं जातं. पण एखादी बाई येते, बहुतेकदा साठीच्या पुढची. छातीत भयंकर कळ, ईसीजी अटॅकचा, रक्ताची तपासणीही अटॅकचीच. अँजिओग्राफी करावी तर रक्तवाहिन्या स्वच्छ, कुठे काही अडकलेलं नाही. मग मी प्रोब लावते. हृदयाचा वरचा भाग जोरात पिळतोय आणि खालचं टोक मात्र फुगून ढिम्म बसलंय. गळा चिंचोळा, बूड गोल. जपानी लोकांना त्यात ऑक्टोपस पकडायचं मडकं दिसलं, म्हणून त्यांनी त्याला ताकोत्सुबो असं नाव दिलं. आम्ही ऑक्टोपस कधी पकडलेला नाही. आमच्या खोलीत त्याला तांब्या म्हणायचे. "सर, तांब्या आलाय," असं मी फोनवर सांगितलं की मोठे डॉक्टर जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरून यायचे.

हा तांब्या होतो कसा, हे डॉक्टरांनी मला माझ्या भाषेत समजावलं होतं, तेच सांगते. मोठा धक्का बसला की मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथीतून ॲड्रेनलिन सुटतं. हृदयाच्या प्रत्येक पेशीच्या दारावर त्यासाठी एक बेल असते. तिला रिसेप्टर म्हणायचं. बेल वाजली की पेशी जास्त जोरात काम करते, म्हणून घाबरल्यावर छाती धडधडते. आता हृदयाच्या टोकाकडे अशा बेला जास्त दाट आहेत, असं संशोधक म्हणतात. सगळ्या गावाने एकदम बेल दाबली, की टोकाच्या पेशींत तीच बेल उलटा हुकूम देते: काम थांबवा. कदाचित स्वतःला वाचवण्यासाठीच. जास्त राबलं तर मरू, त्यापेक्षा बसून राहू, असा त्यांचा विचार असावा. माझ्या सासूबाई पाहुणे फार झाले की डोकं बांधून झोपायच्या, त्यातलाच प्रकार. ताणाचं आणखी एक संप्रेरक असतं, कॉर्टिसॉल. ते बेल वगैरे वाजवत नाही, घरच्यासारखं थेट आत शिरतं आणि पेशीतल्या खुंटीवर बसतं. खुंट्या दोन. एकीवर बसलं तर हृदयाला सांभाळतं, दुसरीवर बसलं तर नासधूस करतं, असं प्रयोगात दिसलंय म्हणे. एकूण काय, नुकसान किती होणार हे नुसतं किती ताण आला यावर नाही, त्याला दार कुणी आणि कसं उघडलं यावरही असतं.

बरेचसे तांबे काही आठवड्यांत आपोआप पुन्हा हृदय होतात. पण पहिले काही दिवस वाईट. टोक हलत नाही म्हणून तिथे रक्त साचतं, गुठळी होऊ शकते, रक्तदाब घसरतो. काही बायका त्या दिवसांत गेल्याही आहेत.

मंडईत भाजी विकणाऱ्या हौसाबाई तशा दिवसांतून वाचल्या. पाठची बहीण अचानक गेली आणि त्या तिथेच कोसळल्या होत्या. तीन आठवड्यांनी त्या तपासायला आल्या तर टोक छान पिळत होतं. डॉक्टरांनी आनंदाने सांगितलं, "मावशी, हृदय पहिल्यासारखं झालं." त्या टेबलावर उठून बसल्या, पदर सारखा केला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "यवढ्या लवकर बरं झालं व्हय गं? अजून म्हैना बी न्हाई झाला तिला जाऊन." त्यांना स्वतःच्या हृदयाची लाज वाटत होती. तेव्हा मला हसू आलं नाही. मी नुसती त्यांच्या अंगावरची जेली पुसत राहिले. आजही मंडईत गेले की मी कोथिंबीर त्यांच्याकडूनच घेते.

आता दातार सरांचं सांगते. खरं म्हणजे त्यासाठीच लिहायला बसले आहे, बाकी सगळी तोंडी लावणी.

दातार सर शनिवार पेठेतले, गणिताचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या विद्यार्थ्यांत एक गोष्ट प्रसिद्ध होती. शंभरापैकी शंभर मिळाले तर सर "ठीक" म्हणायचे, आणि नव्व्याण्णव मिळाले तर "एक कुठे सांडला?" घरातही तसंच. पुरणपोळी "चालेल," नवी साडी "असू दे," मुलगी पहिली आली तेव्हा "पुढच्या वर्षी अवघड असतं." त्यांच्या पत्नी कमलताई एका दुपारी स्ट्रेचरवरून आल्या. नेसूची पैठणी, केसांत मोगरा, चेहरा पांढराफटक आणि हातांना तुपाचा वास. मागे मुलगी मेधा रडत होती. सरांची पंचाहत्तरी होती म्हणे त्या दिवशी, आणि कार्यालयात कमलताई एकाएकी खाली बसल्या होत्या.

अँजिओग्राफी झाली, रक्तवाहिन्या स्वच्छ. मी प्रोब लावला. तांब्या, अगदी घासून पुसून ठेवलेला.

डॉक्टरांनी मेधाला विचारलं, "काही धक्का बसला का? वाईट बातमी, भांडण?"

"छे हो! आनंदाचा कार्यक्रम होता. पंचाहत्तर दिव्यांनी ओवाळलं बाबांना. आईनेच वाती वळल्या होत्या. टेन्शन कसलं असणार?"

डॉक्टर आणि मेधा बाहेर गेले. मी राहिलेली मोजमापं घेत होते. बायका टेबलावर डाव्या कुशीला वळल्या की त्यांचं तोंड भिंतीकडे होतं आणि पाठ माझ्याकडे. मनातलं बोलायला याहून चांगली बैठक जगात नाही. कमलताई भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाल्या, "धक्का बसला हो. पण लेकीसमोर कसं सांगू? आमच्या ह्यांनी माझं कौतुक केलं."

मी खांद्याच्या वर जेवढं हसता येईल तेवढं हसले. मनगट जागेवर.

"हसा तुम्ही. लग्नाला पन्नास वर्षं होत आली. कधी शब्द नाही. माइक हातात घेतला आणि म्हणाले, 'आमच्या घरात जे काही चांगलं आहे ते कमलमुळे आहे. कमल नसती तर...' आणि तिथेच माझ्या छातीत कळ आली. पुढचं ऐकायलाच मिळालं नाही." मग म्हणाल्या, "बाहेर असतील ते. पुढे काय म्हणणार होते तेवढं विचाराल का? न जाणो, मी जायची आणि वाक्य राहायचं."

त्यांचा रक्तदाब तेव्हा खरंच वाईट होता. मी बाहेर गेले. सर बाकावर ताठ बसले होते. अंगावर सत्काराची शाल तशीच, मांडीवर नारळ. मी जवळ जाताच उभे राहिले. "माझ्यामुळे झालं ना?"

"डॉक्टर सांगतील."

"डॉक्टरांनी सांगितलं. धक्क्याने होतं म्हणाले. मला तुमच्याकडून खातरी करून घ्यायची आहे. आनंदानेही होतं?"

होतं. क्वचित होतं, पण होतं. मी त्यांना बेल समजावून सांगितली. सर ऐकताना डोळे मिटून घेत आणि बरोबर नको तो प्रश्न विचारत.

"म्हणजे बेल दाबणारा कोण आहे, आनंद की दुःख, हे पेशीला कळत नाही?"

"बेल तीच आहे सर."

"आणि ते बीटा ब्लॉकर नावाचं औषध देणार आहेत, ते म्हणजे?"

"बटणावर लावलेली चिकटपट्टी म्हणा."

"पट्टी शंभर टक्के चिकटते?"

"शंभर टक्के काहीच नसतं."

"झालं तर मग," सर म्हणाले आणि खाली बसले. मी कमलताईंचा निरोप सांगितला. त्यांनी नारळ या हातातून त्या हातात घेतला. "ते वाक्य आता होणार नाही. अर्ध्याने ही अवस्था झाली. पूर्ण केलं असतं तर?" पंचाहत्तर वर्षांचा तो कडक माणूस खरंच समजत होता, की आपण बायकोला एका वाक्याने मारत होतो.

कमलताई त्या आठवड्यातून तरल्या. रक्तदाब सावरला, गुठळी झाली नाही. घरी जाताना डॉक्टरांनी सरांना सांगितलं, "महिना-दीड महिना मोठे धक्के टाळा. कसलेही." डॉक्टर साधं बोलले होते. पण गणिताच्या शिक्षकाला "कसलेही" हा शब्द देऊ नये.

दोन आठवड्यांनी कमलताई तपासणीला आल्या. टोक हलत होतं, पण आळसावलेलं, सोमवारच्या कारकुनासारखं. त्या भिंतीकडे वळल्या आणि सुरू झाल्या.

"अहो, घरात सुतक असल्यासारखं वागतात हे. सुतकात निदान चार लोक भेटायला तरी येतात! शेजारच्या जोशीकाकू नातू पास झाल्याचे पेढे घेऊन आल्या, तर दारातून परत पाठवलं. म्हणाले, 'रिझल्ट आम्हाला कळला. तिला हळूहळू कळवू.' मेधाला सांगून ठेवलंय, फोनवर आवाज मध्यम ठेवायचा. हापूसची पेटी आली, ती पलंगाखाली लपवली. मला काय वास येत नाही? दिवसाला एक फोड देतात, ती पण आधी कल्पना देऊन. 'कमल, आता आंबा येत आहे.'"

मी गदागदा हसत होते. मनगट मी दुसऱ्या हाताने धरून ठेवलं होतं.

"आणि गणितं पण बंद," त्या म्हणाल्या. आता आवाज वेगळा होता. "लग्न झाल्यापासून रोज संध्याकाळी हे मला गणित सांगतात. शाळेत शिकवलेलं, नाही तर कुठे वाचलेलं. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मी भाजी निवडत 'हूं' म्हणते. निवृत्त झाल्यावरसुद्धा चुकलं नाही. आता समोर बसतात आणि गप्प. का, तर एखादं गणित रंगलं तर मला त्रास होईल. अहो, पन्नास वर्षांत एकही रंगलेलं नाही!"

मी हसायची थांबले.

"संध्याकाळ नुसती खायला उठते. मग मी ते वाक्य पुरं करत बसते. कमल नसती तर काय? 'कमल नसती तर दुसरी असती'? ह्यांचं काही सांगता येत नाही. ते असंही म्हणतील. दुपारी डोळा लागतो न लागतो, की छातीत धडधड सुरू."

आमच्या खोलीत बोललेलं आमच्या खोलीत राहतं, हा तिसरा नियम. तो मी मोडला आणि मोडल्याचं मला सुखच आहे. मी सगळं डॉक्टरांना सांगितलं. ते आधी टेबलावर डोकं ठेवून हसले, मग गंभीर झाले. म्हणाले, "ताई, यांच्या घरात सकाळ-संध्याकाळ बेल वाजतेय. ते अर्धं वाक्यच वाजवतंय." त्यांनी सरांना आत बोलावलं आणि सांगितलं, पुढच्या वेळी हृदय चांगलं दिसलं तर ते वाक्य पूर्ण करून टाका.

"माझी एक अट आहे," सर म्हणाले. "इथे करीन. मशीन लावलेलं असताना. तुम्ही शेजारच्या खोलीत हवेत. काही झालं तर लगेच दिसलं पाहिजे."

आजवर मला लोकांनी इको काढताना देवाचं नाव घेऊ का विचारलंय, मोबाइल धरू का विचारलंय. मशीन लावून बायकोचं कौतुक करू का, असं कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी "चालेल" म्हटलं. त्या एका शब्दावर सर एकदम खूश झाले. त्यांच्या मापाने ती फार मोठी शाबासकी होती.

तो दिवस आला तेव्हा मीच जास्त घाबरले होते. कारण टेबलावर नुकतीच सावरलेली बाई होती, आणि वाक्य मला माहीत नव्हतं. सर इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. घरापासून चालत आले म्हणे, वाटेत पाठ करत. मी आधी नेहमीची मोजमापं घेतली. टोक पिळत होतं. छान पिळत होतं, फडक्यातलं शेवटचं पाणी निघावं इतकं. तांब्या गेला होता. पण मला सांगायची सोय नव्हती. मी तोंड कोरं ठेवलं, शेजारच्या खोलीच्या दारात उभ्या असलेल्या डॉक्टरांकडे बघून मान हलवली, त्यांनीही हलवली.

"करा सर सुरू," मी म्हणाले.

सर पडद्यासमोर जाऊन उभे राहिले. कमलताईंकडे त्यांची पाठ आणि नजर पडद्यावरच्या हृदयावर.

"अहो, मी इकडे आहे," कमलताई म्हणाल्या.

"माहीत आहे. मी बघत बघत बोलणार आहे." त्यांनी घसा साफ केला. "कमल नसती तर..."

पडद्यावर ठोके वाढले. सर थांबले. "वाढतायत."

"वाढू देत!" कमलताई आणि मी एकदम ओरडलो.

सरांनी एक बोट पडद्याच्या काचेला लावलं, बरोबर टोकावर. फळ्यावर उत्तराखाली रेघ मारावी तसं. आणि हळूहळू, एकेक शब्द तपासून बोलावं तसं म्हणाले, "कमल नसती तर माझी सगळी गणितं सुटली असती. फक्त संध्याकाळी घरी येऊन ती सांगायला कोणी नसतं. आणि ज्याला सांगायला कोणी नाही, त्याने गणितं सोडवून करायचं काय, हे मला पंचाहत्तर वर्षांत सुटलेलं नाही."

मेधा दारात उभी होती, तिने तोंडावर ओढणी धरली. कमलताई भिंतीकडे तोंड करून पडून होत्या. भिंतीकडून आवाज आला.

"एवढंच? एवढ्यासाठी मी आयसीयूत जाऊन आले?"

सर दचकून मागे वळले. त्यांना वाटलं, उत्तर चुकलं. त्यांना बिचाऱ्यांना फक्त बायकोची पाठ दिसत होती. पण मला पडदा दिसत होता. आयुष्यभर लोक आमचा चेहरा वाचतात, त्या दिवशी मी एका बाईचं हृदय वाचलं. तोंडाने "एवढंच?" म्हणणाऱ्या त्या बाईचं हृदय पळत होतं, उसळत होतं. सगळ्या बेला एकदम वाजत होत्या आणि टोक फुगलं नाही की बसलं नाही, तालात पिळत राहिलं. दुसऱ्या कुणाला ते दिसलं नाही. मला दिसलं, आणि मी बेफाम आनंदले. मला ओरडून सांगावंसं वाटलं, सर, शंभरापैकी शंभर!

पण मी म्हणाले, "डॉक्टर सांगतील."

डॉक्टरांनी सांगितलं. मेधा रडली, मग हसली, मग जोशीकाकूंना फोन लावून म्हणाली, पेढे पाठवा. सर बाहेरच्या बाकावर कमलताईंच्या शेजारी जाऊन बसले. दार उघडं होतं. ते म्हणत होते, "आता बघ कमल, एका हौदाला दोन तोट्या आहेत. एकीने भरतो, दुसरीने रिकामा होतो." आणि कमलताई सरांनी आणलेली मोगऱ्याची पुडी सोडत म्हणाल्या, "हूं."

मी यंत्र पुसत होते. डॉक्टर आत येऊन साठवलेली चित्रं बघायला बसले. एक बघितलं, दुसरं बघितलं, सगळी छान. शेवटच्या चित्रापाशी त्यांनी चष्मा वर केला.

"ताई, हे काय? हे चित्र हललंय. पेशंट हलला का?"

"नाही सर. पेशंट नॉर्मल आहे," मी म्हणाले. "मनगट माझं हललं."